फ्रेडरिक्सबर्ग: पाटीवरचं आणि घरातलं

जूनमधला शनिवार होता. आई सांगलीहून टेक्सासमध्ये ऑस्टिनला येऊन बरेच दिवस झाले होते आणि तिला फ्रेडरिक्सबर्ग हे जर्मनांनी वसवलेलं गाव दाखवायचं राहिलं होतं. पश्चिमेला २९० क्रमांकाचा रस्ता धरला की दीड तासाची वाट. जॉन्सन सिटी मागे पडून स्टोनवॉल जवळ आलं की रस्त्याच्या कडेला पीचचे स्टॉल लागायला सुरुवात होते. त्यातल्या एकापाशी गाडी थांबवली. पत्र्याचं छप्पर, खाली लाकडी फळ्या आणि त्यांवर ओळीने टोपल्या मांडलेल्या. दार उघडलं तसा पिकलेल्या फळांचा वास उन्हाच्या झळेबरोबर अंगावर आला. गल्ल्यावर बसलेली बाई ऐंशीच्या पुढची असावी. हातांवर तपकिरी ठिपके, बोटं सांध्यांत वाकलेली, पण नजर स्वच्छ. आई नेहमीच्या सवयीने एकेक फळ उचलून, देठाशी हलकेच दाबून, हुंगून बाजूला काढत होती. इथल्या दुकानदारांना हे फारसं रुचत नाही म्हणून मी जरा अवघडले होते, पण ती बाई मात्र आईच्या हातांकडे कौतुकाने बघत राहिली. मग तिने निवडलेली फळं कागदी पिशवीत भरायला घेतली. ओठ हलत होते, तोंडातल्या तोंडात मोजणं चालू होतं. शेवटी मान वर करून तिने इंग्रजीत पैसे सांगितले.

गाडी रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "अगं, ती बाई मोजत होती ते इंग्रजी नव्हतं. इंग्रजी आकडे मला येतात."

मला ते ऐकूच आलं नव्हतं. इतकी वर्षं या देशात राहून माझे कान इंग्रजी गृहीत धरून चालतात. आईला मात्र इथलं प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकावं लागतं, त्यामुळे तिला ते बरोबर कळलं. आइन्स, त्स्वाय, द्राय असं असणार, मी तिला सांगितलं, इथल्या जुन्या लोकांची जर्मन. त्यावर आई काही बोलली नाही. पुढचे पंधरा मैल माझ्या डोक्यातून मात्र ते पुटपुटणं जाईना.

गावात शिरलं की आधी जर्मनीची पाटी दिसते आणि मग गाव. मेन स्ट्रीटवर दुकानांच्या नावांआधी जर्मन 'डेर' नाहीतर 'दास' लागलेलं, चौकात स्वागताचं 'विलकॉमेन', खिडक्यांत कुकू-घड्याळं, बिअरचे नक्षीदार मग, चामड्याच्या आखूड विजारी. मस्टर्डच्या बाटल्यांसमोर लोक चव घ्यायला रांगेत उभे असतात. शनिवारी फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनिओहून माणसं येतात ती मुख्यतः आसपासच्या वाइनरींसाठी. अकरा हजारांच्या आत-बाहेर वस्तीचं गाव, पण सुट्टीच्या दिवशी त्याच्या कितीतरी पट गर्दी. रस्ता मात्र अजूनही डोळ्यांत भरतो. बैलगाड्यांना एका दमात वळता यावं म्हणून तो एवढा रुंद आखला, असं सांगतात. भर चौकापासून पूर्वेला जाणाऱ्या आडव्या रस्त्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडत गेलं की सगळ्यांचं स्वागत आहे असं इंग्रजी वाक्य तयार होतं, आणि पश्चिमेला गेलं की पुन्हा या असं. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की तिने पाट्या वाचत वाचत तळपत्या उन्हात आम्हाला शेवटपर्यंत चालवलं.

पण या विजारी आणि ही घड्याळं इथल्या मूळ माणसांची नव्हेत. चामड्याच्या विजारी बव्हेरियाच्या, घड्याळं ब्लॅक फॉरेस्टची. इथे आलेली कुटुंबं बहुतेक नासाऊ, हेसे, हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग अशा भागांतली, म्हणजे मध्य आणि उत्तर जर्मनीतले शेतकरी, सुतार, गवंडी. पर्यटकाला जो जर्मन माहीत असतो तो उभा करावा लागतो, हे मला समजतं. गावाचं पोट त्यावर चालतं आणि त्यात कुणाची फसवणूक करायचा हेतू नाही. तरी वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्या काचेमागच्या वस्तूंपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती चार पावलांवर आहे.

१८४२ साली काही जर्मन सरदार-उमरावांनी टेक्सासमध्ये वसाहती करण्यासाठी एक संस्था काढली. लोक तिला आडेल्सफेराइन म्हणजे उमरावांची संस्था म्हणत. माणसं गोळा करणं त्यांना जमलं, माणसांची व्यवस्था लावणं जमलं नाही. १८४५-४६च्या हिवाळ्यात हजारो लोक टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले आणि तिथेच अडकले. पुढे न्यायला गाड्या नव्हत्या. मेक्सिकोशी युद्ध पेटलं तशा होत्या नव्हत्या त्या गाड्या आणि बैल सैन्याने उचलले. पावसात, चिखलात, तंबूंत आणि खड्ड्यांत राहून शेकडो माणसं रोगांनी मेली. उरलेली कित्येक पायी निघाली. संस्थेचा नवा प्रमुख म्हणून ओटफ्रीड हान्स फॉन मॉयझेबाख आला होता. त्याने 'बॅरन' ही पदवी सोडली आणि साधा जॉन झाला. त्याने आतल्या प्रदेशात पेडर्नालेस नदीजवळ जागा निवडली आणि प्रशियाच्या राजपुत्राच्या नावावरून गावाला नाव दिलं. न्यू ब्राउनफेल्स या संस्थेच्या आधीच्या वसाहतीहून निघालेल्या पहिल्या तांड्याला इथे पोचायला सोळा दिवस लागले. ८ मे १८४६ रोजी ते पोचले. प्रत्येकाला गावात एक भूखंड आणि बाहेर दहा एकर जमीन. पहिल्याच वर्षी साथीने कित्येक घरं रिकामी केली.

ही जमीन कोमांची या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या वावराची होती. मॉयझेबाख १८४७च्या सुरुवातीला मोजकी माणसं घेऊन थेट त्यांच्या प्रदेशात सान साबा नदीपर्यंत गेला. त्याच्या लाल दाढीवरून कोमांचींनी त्याला 'लाल सूर्य' असं नाव दिलं होतं. बोलणी झाली आणि मे महिन्यात फ्रेडरिक्सबर्गमध्ये करार झाला: जर्मनांनी तीन हजार डॉलरच्या भेटी द्यायच्या, कोमांचींनी त्यांना वस्ती आणि मोजणी करू द्यायची, दोघांनी एकमेकांकडे निर्धास्त यावं-जावं. हा करार कधी मोडला नाही असं गावातले लोक अभिमानाने सांगतात, आणि त्या काळातल्या इतर करारांची गत पाहिली तर तो अभिमान मला पटतो. तरीही चौकातल्या या कराराच्या शिल्पासमोर उभं राहिल्यावर हेही आठवतं की १८७५पर्यंत शेवटच्या मुक्त कोमांची टोळ्यांनाही ओक्लाहोमातल्या राखीव प्रदेशात जावं लागलं होतं. गाव राहिलं, शेजारी गेले. ईस्टरच्या आदल्या रात्री भोवतालच्या टेकड्यांवर आगी पेटवायची प्रथा या गावात होती, तिलाही हीच गोष्ट जोडलेली आहे. बोलणी चालू असताना कोमांचींच्या आगी टेकड्यांवर दिसत होत्या, मुलं घाबरली, तेव्हा एका आईने सांगितलं की ईस्टरचा ससा अंडी रंगवायला पाणी उकळतोय. ईस्टरच्या आगी उत्तर जर्मनीत त्याआधी कितीतरी शतकं पेटत होत्या. म्हणजे प्रथा जुन्या देशातून आलेली आणि तिची कहाणी मात्र इथल्या भीतीतून जन्मलेली.

चौकात आठ कोनांची एक इमारत आहे, फेराइन्स किर्शे. मूळची १८४७ची. सगळ्या पंथांचं चर्च, शाळा, सभागृह आणि वेळ आली तर किल्ला, असं सगळं एकाच छपराखाली. गावाची पन्नाशी साजरी झाल्यावर ती पाडली आणि पुढे १९३०च्या दशकात तशीच पुन्हा बांधली. गावकरी तिला कॉफीचं जातं म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरांतलं हाताने फिरवायचं जातं खरंच तसं दिसतं, संग्रहालयात ठेवलेलं आहे.

मला या गावात सगळ्यात जास्त धरून ठेवतात ती 'संडे हाउस'. दूरच्या वाड्यांवरच्या शेतकऱ्यांनी गावात बांधलेली ही इवलीशी घरं. शनिवारी घोडागाडी जोडून यायचं, अंडी-लोणी विकायचं, मीठ-साखर-कापड घ्यायचं, संध्याकाळी ओळखीपाळखीच्या लोकांत बसायचं, रात्री या घरात झोपायचं आणि रविवारी सकाळी चर्चला जाऊन परतीची वाट धरायची. पायोनियर म्युझियमच्या आवारात १९०४चं असं एक घर जपलं आहे. खाली एकच खोली, पुढे ओटीसारखी पडवी. अशा पुष्कळ घरांना वर माळा असायचा आणि माळ्यावर जायचा जिना घराच्या बाहेरून. मुलगे वर झोपत. आत जागा इतकी कमी की जिन्यासाठी ती वाया घालवणं परवडणारं नव्हतं. आई दाराच्या चौकटीवर हात ठेवून आत बघत उभी राहिली. एक पलंग, एक टेबल, एक चूल, भिंतीला खुंट्या. तिने मला विचारलंही नाही. "बाजारच्या दिवशी मुक्कामाला घर," एवढंच म्हणाली. तिच्या लहानपणी तासगावच्या बाजाराला आलेले पाहुणे त्यांच्या माजघरात अंथरूण टाकून राहायचे, तसं. पुढे पोरगा कर्ता झाला की शेत त्याच्यावर सोपवून म्हातारा-म्हातारी याच घरात राहायला येत. मग मोटारी आल्या, रस्ते बरे झाले, चर्चला येऊन दुपारच्या जेवणाला घरी परतता यायला लागलं आणि या घरांचं काम संपलं. आता त्यांतल्या कितीतरी घरांत पर्यटक रात्रीचे राहतात.

त्या घरांत शनिवारी रात्री काय भाषा चालत असेल, हे सांगायला नको.

इथून पंचवीस मैलांवर कम्फर्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथे विजारी-घड्याळांची गर्दी फारशी पोचत नाही. तिथे चुनखडीचा एक साधा स्तंभ आहे आणि त्यावर जर्मनमध्ये 'ट्रॉये डेर युनियन' अशी अक्षरं आहेत, संघराज्याशी निष्ठा. १८६१ साली टेक्सासने अमेरिकेतून फुटायचं ठरवलं तेव्हा फ्रेडरिक्सबर्ग ज्यात येतं त्या गिलेस्पी काउंटीने ३९८ विरुद्ध १६ अशा मतांनी त्याला नकार दिला होता. यांच्याकडे गुलाम जवळजवळ नव्हते. बऱ्याच जणांनी स्वतःच्या देशात राजेरजवाड्यांचा जाच सोसला होता, आणि नागरिकत्वाची शपथ घेऊन उणीपुरी पंधरा वर्षं झाली होती. ती मोडायला ते तयार नव्हते. पण राज्य फुटलंच, यादवी युद्ध पेटलं. मग लष्करी कायदा आला, घरं जाळली गेली, रात्री-बेरात्री माणसं उचलून झाडांना टांगली गेली. १८६२च्या उन्हाळ्यात साठ-पासष्ट तरुण मेक्सिकोमार्गे संघराज्याच्या सैन्याला मिळायला निघाले. १० ऑगस्टला पहाटेच्या आधी न्युएसेस नदीकाठी त्यांच्यावर हल्ला झाला. एकोणीस जण तिथे पडले आणि जखमी होऊन हाती लागलेल्या नऊ जणांना नंतर गोळ्या घातल्या. प्रेतं तशीच उघड्यावर राहिली. युद्ध संपल्यावर, तीन वर्षांनी, घरचे लोक जाऊन हाडं गोळा करून घेऊन आले आणि कम्फर्टला एका जागी पुरली. १८६६च्या १० ऑगस्टला त्यावर हा स्तंभ उभा राहिला. पुढे मेक्सिकोकडे निसटताना मारल्या गेलेल्यांची धरून छत्तीस नावं आहेत. मी त्या नावांवरून बोट फिरवलं आहे, दगड उन्हाने तापलेला होता. दक्षिणेच्या हरलेल्या सेनापतींचे पुतळे राज्यभर चौकाचौकांत दिसले, पण ज्यांनी फुटायला नकार दिला त्या या पोरांबद्दल माझ्या ओळखीतल्या कितीतरी टेक्सासकरांनी कधी ऐकलेलं नसतं. जर्मन वारसा म्हणून काही दाखवायचंच असेल तर मी आधी हा स्तंभ दाखवीन. आईला तो दाखवायला नेलं तेव्हा तिने पायांतल्या चपला बाजूला काढून ठेवल्या.

एवढं होऊनही भाषा टिकली होती. न्यू ब्राउनफेल्सचं जर्मन वर्तमानपत्र १८५२ साली सुरू झालं आणि १९५७पर्यंत जर्मनमध्ये निघत राहिलं. त्याचा पहिला संपादक लिंडहाइमर हा वनस्पतिशास्त्रज्ञ. टेक्सासमधल्या कित्येक रोपांना त्याचं नाव आहे. शंभर वर्षं लोक त्या भाषेत लग्नं लावत, प्रवचनं ऐकत, गुरांच्या किमती वाचत, भांडत. कुणी भाषा वाचवण्यासाठी ती बोलत नव्हतं. वाडीवरच्या शेजाऱ्यालाही तीच यायची, वाण्यालाही आणि पाद्र्यालाही. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१८ साली टेक्सासने शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायला बंदी केली. पोरांना मैदानावर जर्मन बोलल्याबद्दल मार पडू लागला. त्या पोरांनी पुढे आपल्या पोरांना ती शिकवली नाही. दुसऱ्या महायुद्धाने उरलंसुरलं आटोपलं. त्याच युद्धात पॅसिफिकमधलं अमेरिकेचं आरमार ज्याच्या हुकमाखाली लढलं आणि जपानच्या शरणागतीवर अमेरिकेच्या वतीने ज्याने सही केली, तो चेस्टर निमिट्झ याच मेन स्ट्रीटवर १८८५ साली एका जर्मन घरात जन्मला होता. आजोबांचं जहाजाच्या आकाराचं हॉटेल अजून आहे, आता ते युद्धसंग्रहालयाचा भाग आहे. मागच्या अंगणात जपानी लोकांनी भेट दिलेली बाग आहे, वाळूत रेघोट्या ओढलेली. आईला तिथल्या सावलीत सगळ्यात बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम त्याच स्टॉलवर थांबले. टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या, बाई फळ्या पुसत होती. मी सरळच विचारलं, आणि तिला विचारणं आवडलं. शाळेत जाईपर्यंत तिला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. नवऱ्याशी इंग्रजी, मुलांशी इंग्रजी, पण भावाशी मात्र शेवटपर्यंत जर्मन. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. तो गेल्यापासून बोलायला कुणी नाही. आता मोजणं आणि रात्रीची प्रार्थना तेवढी त्या भाषेत राहिली आहे, म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मी आईला मराठीत सांगितलं तशी आईने पुढे होऊन तिचा हात हातात घेतला, आणि काही वेळ त्या दोघी आपापल्या भाषेत काहीतरी बोलत राहिल्या, मला मध्ये पडावंसं वाटलं नाही.

ऑस्टिनच्या विद्यापीठात हान्स बोआस नावाचे प्राध्यापक २००१पासून अशा माणसांचे आवाज साठवत आहेत. शेकडो जणांच्या मुलाखती झाल्या आहेत. १९४०च्या सुमारास ही बोली बोलणारे लाखावर होते. आज जे उरले आहेत ते बहुतेक त्या बाईच्या वयाचे, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही बोली संपेल असा बोआस यांचा अंदाज आहे.

आमच्या ऑस्टिनमध्ये गणपती दणक्यात बसतो. ढोल-ताशा आहे, रविवारची मराठी शाळा आहे, दिवाळीला फराळाची ऑर्डर महिनाभर आधी भरते. माझी मुलगी 'सुखकर्ता दुःखहर्ता' एका दमात म्हणते आणि स्वयंपाकघरात मला इंग्रजीत उत्तर देते. हे सगळं करू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः मोदक वळायला बसते. पण फ्रेडरिक्सबर्गहून आल्यावर मला भीती वाटते ती ही, की सण टिकेल. सण टिकायला भाषा लागत नाही, हे त्या गावाने दाखवलंच आहे. भाषेला लागतो तो वाण्याशी, शेजाऱ्याशी, भावाशी रोजचा व्यवहार. तंजावरची मराठी माणसं व्यंकोजी राजांच्या काळापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात आहेत आणि त्यांच्या घरांत मराठी राहिली, कारण घर, स्वयंपाक, सोयरिकी सगळं तिच्यात चालत होतं. आता तिथली तरुण मुलंही तमिळ आणि इंग्रजीकडे झुकली आहेत. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण त्या पीचवाल्या आजीच्या नातवंडांचं काही बिघडलंय का?" नसेलही बिघडलं. मजेत असतील. मी तिच्यावर रागावले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

संग्रहालयात एक जुनं पत्र काचेखाली ठेवलं होतं, तेही मनातून गेलं नव्हतं. बारीक, टोकदार, उजवीकडे कललेली अक्षरं. ती जुनी जर्मन हस्तलिपी. जर्मनीतही १९४१ साली ती शाळांतून काढून टाकली, त्यामुळे आज बर्लिनहून आलेल्या माणसालाही ते पत्र सहज वाचता येणार नाही. मी आईला हे सांगत होते, तर ती म्हणाली, "मग आपल्या मोडीसारखंच झालं की." आणि मग गाडीतच तिने सांगितलं की आजोळच्या घरी माळ्यावर ट्रंकेत एक रुमाल आहे, लाल कापडात बांधलेला, पणजोबांच्या हातचे मोडी कागद. कुणीही परदेशी गेलं नव्हतं, कुणीही बंदी घातली नव्हती, घरही तेच आहे आणि तरी घरात एकालाही ते वाचता येत नाहीत. मध्यंतरी कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा मामाने एक मोडी वाचणारा गाठला होता, पण त्याला तेव्हा इतकी मागणी होती की त्याने चार महिन्यांनी या म्हणून सांगितलं. ते राहूनच गेलं.

आईने त्याच रात्री मामाला फोन लावला. मामा म्हणाला, त्यात जमिनीचं काही नाही, तलाठ्याकडचे कागद वेगळे आहेत, हे नुसतं कुणी कुणाला लिहिलेलं आहे. आई म्हणाली, "तेच पाहिजे. फोटो काढून पाठव." चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो आले, काही तिरके, एका पानावर मामाच्या अंगठ्याची सावली. पुण्यात मोडी वाचणारे एक गृहस्थ ओळखीतून मिळाले आहेत. त्यांनी पहिली दोन पानं मागवली आहेत, शाई फार पुसट नसेल तर पंधरवड्यात कळवतो म्हणाले.